वीत आणि एक बोट

बरणी आली रणछोडभाईच्या स्कूटरवरून,
दोन पायांत धरलेली, दुधाच्या कॅनसारखी.
प्राणिशास्त्र विभाग ते दांडिया बाजार:
काळ्या घोड्याच्या वळणावर
आत थोडी भरती आली असेल, एवढंच.

लेबल पेन्सिलीचं, कारण स्पिरिट शाई खातं:
कोल्लमसमोर. चिखलाचा तळ. तीनशे चाळीस मीटर.
जाळं कोळंबीसाठी. हा टाकाऊ माल.

तीनशे चाळीस म्हणजे किती, ते मला कळेना.
म्हणून आमची चारमजली सोसायटी घेतली,
तिच्यावर तीच, पुन्हा तिच्यावर तीच,
सव्वीस वेळा;
मग सगळं उलटं करून बुडवलं.
गच्चीवरची टाकी सगळ्यात खाली.
तिथे ही राहायची.

ट्रेमध्ये काढली. वीत टाकली:
वीत आणि एक बोट. शार्क, आणि पूर्ण वाढलेली.
रंग चहाच्या चोथ्याचा.
शेपूट लांब, वेणीतून सुटलेल्या रिबिनीसारखी,
तिच्यावर काळसर पट्टे.
डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं तर मखमल,
उलट फिरवलं तर पॉलिशपेपर.

नाकाडाखाली टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं.
चिखलात दडलेल्या झिंग्याचं काळीज हलतं,
त्या हलण्याची वीज ही तिथून ऐकते.
माझं काम ठिपक्यांचं. बारीक निबाचं पेन, श्वास धरून.
एकशे चौदा छिद्रं झाल्यावर चहा टाकला.

डोळ्यांशी अडले.
फॉर्मलिननं ते उकडलेल्यासारखे पांढरे केलेले.
कोल्लमला विचारलं, जिवंतपणी रंग कुठला?
उत्तर आलं: आमच्यातल्या कुणी जिवंत पाहिलेली नाही,
वर येईस्तोवर ती संपते. डोळा कोरा सोडा.

आई आली, चष्मा कपाळावर, वय एक्क्याऐंशी,
टिपणिसांची लेक, मासळीतलं तिला कुणी सांगू नये.
"मुशी आहे ही. पण एवढीशी?
हिचं कालवण कुणाला पुरायचं?
बाळंतिणीला देतात मुशी, अंगावर दूध येतं.
तुझ्या वेळी मी वेरावळच्या गाडीची
तीन दिवस वाट पाहिली होती."
आणि वास येतो म्हणून खिडकी उघडून गेली.

लेबलाच्या मागे आणखी एक ओळ होती:
पोट उघडून आतलंही काढावे.

आत दोन.
डावीकडे एक, उजवीकडे एक,
शेपट्या मुडपलेल्या, पट्टे आधीच उमटलेले.
पट्टी लावली: अकरा, अकरा.
दुसऱ्यांदा लावली.
बाकीचे मासे पाण्यात अंडी सोडतात
हजारांनी, न मोजता, लग्नातल्या अक्षतांसारखी.
हिनं दोनच धरली,
पण एकेक जवळजवळ आपल्या निम्म्याएवढं.
मग हिच्यात हिला जागा कुठे होती?

आकृती दोन म्हणून पिल्लं खाली, वेगळी काढायची होती.
तशी काढली.
पण आकृती एकमध्येही, पोटाच्या जागी,
तुटक रेषेनं दोघांना ठेवलं.
चूक म्हणतील. खोडायला सांगतील.

संध्याकाळी आईनं विचारलं, "व्याली होती का गं?"
"नाही. व्यायची होती."
आई मेथी निवडत राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"बाळंतिणीला मुशी.
आणि मुशीला काय देत असतील?"
मी पेन धुतलं. डोळा कोराच होता.

सोमवारी रणछोडभाई बरणी न्यायला आला.
पक्का वैष्णव; आत बघत नाही.
"ढाकणुं टाइट छे ने?"
म्हटलं, टाइट आहे. आता आत तिघं आहेत.

त्यानं बरणी फूटबोर्डवर ठेवली,
गळ्यातला रुमाल काढून भोवती दाबला,
आणि स्कूटर सुरू न करता
ढकलत नेली, निदान गल्लीच्या तोंडापर्यंत.
किंवा पेट्रोल संपलं असेल.