सातवी बैठक

नातवाने मोबाइलवर दाखवली ती
कुणी रशियन सरदारीण, अडीचशे वर्षांपूर्वीची.
खांद्यावरून निळा पट्टा, छातीवर हिऱ्यांत मढवलेली
राणीची इवलीशी छबी, केसांवर पिठासारखी पूड.
"अशीच काढा आमची आजी. साइज हीच. फ्रेम सोनेरी."
लिफ्टसमोरची भिंत त्याने राखून ठेवलीय.
इमारतीला नावही आजीचंच: चांगुणा हाइट्स, बेलापूर.

मे महिना. एसी अठरावर,
कारण वाशीहून भाड्याने आणलेली नकली फर
चांगुणाबाई मढवी खांद्यावरून उतरवू देत नाहीत.
खाली लुगडं, दिवाळे गावातल्यासारखंच गुडघ्यापर्यंत कसलेलं.
"पाय पन काढ," म्हणतात.
मूळ चित्रात पाय नाहीत.
सरदारणी कमरेपाशी संपतात.

त्या चित्राखाली बाईचं नाव, नवऱ्याचं, सासऱ्याच्या पदव्या.
चित्रकाराच्या जागी एवढंच: घरचा माणूस.
घरचा म्हणजे मालकीचा,
घोड्यांच्या खालोखाल यादीत मांडलेला.
मी निम्मे आगाऊ घेतलेत, जीपेवर.

त्यानेही मोत्यांपाशी असाच वेळ काढला असेल.
मोती सोपे. एक करडा ठिपका, एक पांढरा, झालं.
अवघड हात.
नातू म्हणाला, जरा गोरे करा, अंगठ्या वाढवा.
पण मिठागराने फोडलेली तळहाताची कड
पन्नास वर्षांत बुजली नाही,
गुलाबी रंग तिथे ठरतच नाही.

आज त्यांनी चष्मा मागितला.
मोबाइल नाकाशी धरून त्या बाईला
बाजारात मासळी पारखावी तसं बघितलं.
"इचे हातान काय हाय?"
पंखा, म्हटलं. पिसांचा.
"थंडीन पंखा?"
मला उत्तर सुचेना.
"बसवून ठेवलेली हाय गो तिला. डोले बग.
उठाचा हाय तिला."

मग स्वतःच उठल्या.
फर खुर्चीवर तशीच बसून राहिली,
पांढऱ्यात काळी टोकं,
मिठाच्या राशीवर कावळे उतरावेत तशी.
मी हात सोडून तीच रंगवायला घेतली.

गॅलरीचं दार उघडलं. खाडीचा खारट वारा
ओल्या रंगाला येऊन चिकटला,
आणि बाहेरून, पाठमोऱ्याच, त्यांनी विचारलं,
"आन तिला काढली त्या चिताऱ्याला
रोज किती परायचा गो?"