बूझी

हायफाँगला आल्यावर पहिली विकत घेतली ती बाईक.
सेकंडहँड, एकशेदहा सीसी,
निळ्या कार्डावर अजून कुणा फाम वान क्वीचं नाव.
कोण हा क्वी, आहे की गेला, ठाऊक नाही.
तीन वर्षं त्याच्या गाडीत मी पेट्रोल भरते आहे.

गल्लीच्या तोंडाशी तुएनकाकांचं दुकान,
म्हणजे एक पंप, एक पत्र्याचा डबा
आणि फुटपाथवर काळ्या ऑइलचा नकाशा,
ज्यात दर महिन्याला एखादं बेट वाढतं.
मला त्यांची भाषा भाजी घेण्यापुरती येते.
बाकीचं आम्ही तोंडाने आवाज काढून बोलतो:
टर्र म्हणजे चेन, कींऽ म्हणजे ब्रेक,
आणि काहीच आवाज नाही
ही सगळ्यात वाईट तक्रार.

त्यांनीच शिकवलं,
रस्त्यावर पाणी चढलं तर गिअर खाली, मूठ सोडायची नाही.
बंद पडलीच तर किक मारमारून तिचा जीव घ्यायचा नाही.
प्लग काढ. शर्टाला पूस, लाजू नकोस.
हेअरड्रायरने वाळव. मग एकच किक.
प्लगला इथे बूझी म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
हिंदीत सांगताहेत, विझली म्हणून.

जुन्या ट्यूबच्या ते रिंगा कापतात.
त्या रिंगा आता माझ्या घरभर:
पडद्याला, गादीच्या चादरीला,
मान टाकणाऱ्या शॉवरच्या गळ्यात,
घडी करून वॉशिंग मशीनच्या लंगड्या पायाखाली.
एकदा मी कुकर नेला.
शिटी त्यांनी तळहातावर जोखली, कानाशी हलवली,
कार्बोरेटरच्या लांबच्या नातलगाकडे बघावं तशी न्याहाळली.
मग गास्केट वाकवून बर्फवाल्याच्या टपरीकडे बोट केलं.
गारठव, आवळेल.
त्या रात्री तूर शिजली.

काल दुपारी त्यांनी हाक मारली.
दोन्ही हात माखलेले, फोन स्टुलावर वाजत होता.
मी धरला.
पडद्यावर मुलगी, टोपी नाकापर्यंत, मागे बर्फ.
लाइपझिगला म्हाताऱ्यांची सेवा करते.
नाव न्याय. त्यांच्याकडे त्याचा अर्थ मोगरा.
आमच्याकडे काय, ते मी सांगू शकले नाही,
भाजी घेताना तो शब्द लागत नाही.

तिची स्कूटर सुरू होत नव्हती.
तिथला मेकॅनिक सोमवारी येणार होता.
खर्र. खर्र. खर्र.
काकांनी माझं मनगट धरून फोन कानाशी ओढला
आणि डोळे मिटले.
मागून सिमेंटचा ट्रक हॉर्न देत गेला,
ते हलले नाहीत.
पुन्हा, म्हणाले. खर्र.
मी पुटपुटले, बूझी.
त्यांनी मान हलवली: नाही.
मग दोन बोटांत ऑइल घेऊन
मधासारखं ताणून दाखवलं.
थंडीनं दाटलंय.

चावी बंद. हळूहळू दहा किका. तिला जागी कर.
हे मला त्यांच्या गुडघ्यावरून कळलं,
कारण ते स्वतःच हवेत किका मारू लागले,
चप्पल घातलेला पाय, एक, दोन,
आणि तिकडे बर्फात तिचा बूट, एक, दोन.
गल्लीतली पोरं हसायची थांबली.
दहा.
मग चोक, मग चावी,
मग फोनमधून असा काही आवाज आला
की काकांनी तो दूर धरायची खूण केली.
जेवलीस का, ते विचारत होते,
पण ती निघून गेली होती.
उशीर झाला होता तिला.

त्यांनी हात पुसले, माझ्या गाडीचं मागचं टायर दाबलं,
हवा भरली,
नेहमीसारखे पाच हजार डाँग घेतले.

घरी आल्यावर दिसलं,
मनगटावर चार काळी बोटं.
साध्या साबणाने जात नाही हे.
साखर लागते आणि भांड्यांचा साबण,
तेही त्यांनीच शिकवलंय.
साखरेचा डबा समोरच आहे.
अजून उघडला नाही.