पासंग

उदगीरच्या वाचनालयात, वरच्या हॉलमध्ये,
खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता.
सात माहितीपट, तीन परीक्षक :
पत्रकारितेचे प्राध्यापक बिडवे,
उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका तहसीनबाजी,
आणि मी, मोंढ्यात एकतीस वर्षं मापाडी.
मला कामून बोलावलं, विचारलं तर संयोजक म्हणाला,
"अप्पा, कागदावर 'समतोल' लिहिलंय.
तुमच्याइतका काटा गावात कुणी पाह्यलाय?"

कागदावर तीन रकाने.
समतोल, वीस. सुसंगती, वीस.
पाहण्याजोगा आहे का, दहा.
दहाच? मी म्हणालो.
बिडवे सर म्हणाले, ते ठरलेलं असतं.

पहिला बारवेचा.
ड्रोन वर गेला, ड्रोन खाली आला, बासरी वाजली,
पुन्हा ड्रोन वर गेला.
बावीस मिनिटांत एकालाही तहान लागली नाही.
सुसंगती? होती की.
बासरीला बासरी जुळत होती.
बाजींनी शेवटच्या रकान्यात भोपळा काढला,
मग त्याला देठही काढला.

चौथा डाळमिलचा.
मालकाला अकरा मिनिटं, निवडणाऱ्या बायकांना अकरा.
सरांनी मनगटावरच्या घड्याळात मोजली होती.
"याला म्हणतात समतोल," आणि वीसपैकी एकोणीस.

मी म्हणालो, सर, रिकामा काटा कधी पाहिलाय?
माल टाकायच्या आधी पारडी नुसती लोंबू द्यायची.
एक पारडं मुळातच जड असतं.
मग दुसरीकडं चिंधीत खडा बांधायचा,
त्याला पासंग म्हणतात.
तो नसला तर दांडी सरळ दिसते
आणि कुणाची तरी ओंजळभर तूर जाते.
मालक बोलला खुर्चीत, पंख्याखाली, दार लावून.
पुतळाबाई बोलली चाळणीच्या घरघरीत, मान खाली घालून,
हात न थांबवता.
तिच्या अकरा मिनिटांतली मला सहा ऐकू आली.
पासंग कुठंय?

"अप्पा, तुम्ही भावनिक होताय."
असेन.

मग त्याच पटात पुढं एक जुनी चित्रफीत आली,
कुणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटमधून उचललेली.
मोंढ्यातून वरात चाललेली, बाजूला तुरीचे ढीग,
आणि उजव्या कोपऱ्यात, चार सेकंद, एक हात.
बाही कोपराच्या वर तीनदा दुमडलेली.
अंगठा काट्याच्या दांडीवर.
उगं ठेवलेला. माशी बसावी तसा.

दिग्दर्शकाला ते दिसलंच नव्हतं.
निवेदक वरून सांगत होता,
मोंढा म्हणजे शहराचं काळीज.
बाही तशी दुमडायची सवय
अख्ख्या अडतीत एकट्याला होती.
आणि ढिगापाशी एक बाई उभी, पदर खोचलेली, काळ्या केसांची,
दांडीकडं बघत.
पुतळाबाईच का ती?
सांगता येत नाही. चार सेकंदांत चेहरा भरत नाही.

चहाच्या वेळी मशीनवरच्या पोराला म्हणालो,
तेवढंच मागं घे.
त्यानं घेतलं. तीनदा.
"काय बघताय, अप्पा?"
वजन, म्हणालो.

शेवटी कागद गोळा करायला लागले.
एकवीस रकाने, माझे वीस भरलेले.
"चौथ्याचा समतोल राहिलाय," सर म्हणाले.
म्हटलं, त्याचं माप मला नाही करता यायचं, सर,
मी आहे त्यात.
ते हसले. त्यांना वाटलं, मी मोंढ्याबद्दल बोलतोय.
बाजी हसल्या नाहीत.
त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला
आणि माझ्या हाताकडं पाहिलं.
पंखा जोरात होता,
म्हणून मी कागदावर अंगठा ठेवला होता.

उचलला.
कागद उडाला, खुर्च्यांखाली गेला,
सतरंजीच्या फटीतून उन्हाची एक काडी आली होती तिथं थांबला.
आणायला मी वाकलो, गुडघे कुरकुरले.

बक्षीस बारवेला मिळालं, ते मला नंतर कळलं.