किती आलं?

आण्णांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट
सुईला दाद देत नाही.
चाळीस हंगाम त्या बोटानं
उकळत्या काहिलीतला पाक उचलला,
गार पाण्यात धरला, चिमटीत फिरवला
नि सांगितलं, "उतरा."
पायताणाच्या तळासारखी झालीय तिथली कातडी.

मग मी करंगळी धरते.
करंगळीला कष्टाची सवय नाही,
लगेच थेंब देते.
यंत्र पाचपर्यंत मोजतं.
"किती आलं?"
"दोनशे साठ."
"गुळव्याच्या रक्तात गूळ नसंल तर काय मीठ असंल?"
म्हणतात, नि सदरा वर करून पोट पुढं करतात
इन्सुलिनच्या पेनासमोर,
जू बघून बैल मान देतो तसं.

हे पेन नसतं तर
मागच्या श्रावणातच उरकलं असतं.
सीपीआरमध्ये डॉक्टरांनी अंगठा नेला, पाय ठेवला.
मी हात जोडले.
समोर देव नव्हता,
सलाइनची बाटली होती, तिलाच जोडले.

लहानपणी वडणग्याच्या गुऱ्हाळावर
भेंडीची झाडं ठेचून रसात घालायचे,
मळी वर यायची, हिरवी, फेसाळ,
आण्णा ती झाऱ्यानं काढत राहायचे.
गूळ व्हायचा भिजल्या विटेच्या रंगाचा.
रवा फोडला की आत
कणी चमकायची.

मग एका सौद्याला शीतलशेठ म्हणाले,
"पिराजी, पिवळा आण.
काळ्याला गुजरात हात लावत नाही."
आण्णांनी एक साल ऐकलं नाही.
त्या साली आईच्या पाटल्या गेल्या.

पुढच्या साली पुडा आला.
पांढरी पूड, ओढलेल्या काडेपेटीचा वास.
एक मूठ टाकली
नि काहिलीत ऊन पडलं.
आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो.
जळव्या तुक्या तेवढा खोकत बाजूला झाला,
तो अजून खोकतो.

त्या पिवळ्यावर मी बी.एस्सी. झाले.
रसायनशास्त्र. फर्स्ट क्लास.

गेल्या हंगामात मी थर्मामीटर नेला.
पारा एकशे अठरावर आला
नि मी तोंड उघडायच्या आत
आण्णा म्हणाले, "उतरा."
गडी हसले.
मला मात्र तेव्हा वाटलं, ह्या काचेच्या नळीत
नि त्या करपलेल्या बोटात
भांडण काहीच नाही,
एकाच शाळेतली आहेत दोघं.
मग मुठीतून पूड कोण टाकतं?
विज्ञान टाकतं, की शेठ, की गिऱ्हाईक,
की फी भरायची शेवटची तारीख?

आता पुण्याची दुकानं काळा मागतात, तिप्पट भावानं.
पलीकडचा भरमू
काळा करायला काय घालतो
ते त्याचं त्याला माहीत.

आज प्रयोगशाळेत सतरा नंबरचा नमुना आला.
नाव झाकलेलं असतं, नियमच तसा.
पण ढेपेच्या कडेला अंगठ्याची खोल दाब
मी कुठंही ओळखली असती.
ब्युरेटमधून आयोडीन थेंब थेंब सोडलं,
हात कापत नव्हता, ह्याचाच राग आला.
निळा रंग चढला, टिकला.
सत्तरपर्यंत चालतं.
दोनशे दहा.
दुसऱ्यांदा केलं.
दोनशे आठ.
वहीत दोन्ही लिहिले, निळ्या शाईनं,
खाली सही केली, पूर्ण नावाची,
वडिलांच्या नावासकट.

आता रात्रीचे नऊ.
गंगावेशीतनं येताना त्यांच्यासाठी
बिनसाखरेची बिस्किटं आणलीत,
त्यांना ती भुश्यागत लागतात.
करंगळी माझ्या हातात आहे.
यंत्र मोजतंय, चार, पाच.
आण्णा चष्मा कपाळावर सरकवून विचारतात,
"किती आलं गं?"

दोन आकडे आहेत माझ्याकडं.
मी आधी
कुठला सांगू?