बकारामची माय, घर नंबर एकोणीस

सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत, तळघरात,
ज्या कपाटाला कुलूप नाही आणि लागतही नाही,
त्यात आमचा मतदारसंघ आहे.
बाहेर कुठेच नाही तो आता.
एकतीस वर्षं मी त्याच्या याद्या सांभाळल्या,
म्हणून माझ्याकडे धाडली ती जपानी मुलगी.
नाओए तिचं नाव. खेड्यांतल्या निवडणुकांचा अभ्यास.
मे महिना, कूलर कोरडा,
आणि ही वाकून वाकून सगळ्यांना नमस्कार करते,
शिपाई लांजेवारलासुद्धा.
तो उभाच राहिला, पँटला हात पुसत.

मी पहिलं बाड काढलं. उधईने कोपरा खाल्लेला.
तेव्हा आपण मध्य प्रदेशात, म्हटलं, आणि नागपूर राजधानी.
(हे सांगताना आवाज चढतो. इथे सगळ्यांचाच चढतो.)
दर उमेदवाराची पेटी वेगळी,
पेटीवर चित्र, आत चिठ्ठी.
तेलकामठ्याच्या केंद्रावर कुणी पेटीलाच हळदकुंकू वाहिलं
आणि चिठ्ठी वरच ठेवून आली, दुरड्यात नैवेद्य ठेवावा तशी.
जुने हेडक्लार्क सांगायचे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

मग छप्पनला मुंबई राज्य, साठला महाराष्ट्र.
भाडेकरू तोच, घरमालक बदलत गेले.
हद्द आधी नाल्यापर्यंत, मग रुळापर्यंत,
एकदा तर गावाच्या मधून:
बोरकुट्यांचं घर इकडच्या खासदाराचं, गोठा तिकडच्या.
बैलांले कोनी इचारलं नाही, म्हणे बोरकुटे,
पन आमाले तरी कोन इचारलं जी?

नाओए हसली नाही. लिहून घेतलं.
मग म्हणाली, आमच्याकडे डोंगर आहेत,
पोरं शहरात गेली, शाळेच्या मैदानात रानडुकरं येतात.
माणसं कमी पडली म्हणून शेजारचा जिल्हा जोडला,
आता दोघांत मिळून एकच जागा.
मी म्हटलं, आमचं उलटं.
आमच्याकडे शहरच चालत आलं, ले-आउटचे दगड रोवत,
आणि शेवटच्या फेररचनेत
तेलकामठा एका वॉर्डाचा अर्धा झाला.

मग ती म्हणाली,
आमच्याकडे बटण नाही, शिक्का नाही.
पेन्सिलीने उमेदवाराचं नाव लिहावं लागतं, स्वतःच्या हातानं.
वडिलांची आत्या ब्याण्णव वर्षांची,
आदल्या रात्री कॅलेंडरच्या पाठीवर गिरवत बसते.

नाव लिहावं लागतं.
माझं बोट यादीवरच राहिलं.
दोनशे अकरा: डोमाची बायको.
दोनशे बारा: बकारामची माय, घर नंबर एकोणीस.
पुढे पानभर बायका, कुणाच्या तरी कोण.
परक्या माणसाला नाव कसं सांगायचं,
म्हणून सांगितलं नाही.
आणि बिननावाच्यांवर लाल शाई फिरवा, असा वरून हुकूम.
फिरवली आहे. पट्टीने, अगदी सरळ.

पुढची यादी, पाच वर्षांनंतरची.
तेच घर. एकोणीस.
फु
इथे शाईचा डाग आहे, कारकुनाचा टाक थांबलेला,
त्याने परत विचारलं असणार, काय म्हणालात?
आणि आतून, दाराआडून, आवाज थोडा मोठा करून
ती पुन्हा बोलली असणार.
फुलवंता.

नाओएने विचारलं, आमच्या लिपीत लिहू का मी हे?
लांजेवारने टेबलावरून एक कोरी चिठ्ठी दिली.
तिने पेन्सिलीला टोक केलं,
तुटक तुटक अक्षरं, काडीकाडीनं मांडलेली,
आणि चिठ्ठी दोन्ही हातांनी माझ्याकडे.

लांजेवार वाकून बघत राहिला.
"हे मत कोनाले गेलं मॅडम?"

कपाट लावताना खालचा कप्पा अडकला.
नेहमीच अडकतो. पायाने ढकलावा लागतो.