दोऱ्याला जाडी असते

रावपुऱ्यात, टॉवरच्या जरा अलीकडे,
उत्तरायणाच्या आठवडाभर आधी
फुटपाथवर दोन बांबू रोवले जातात.
मध्ये ताणलेले दोरे, गुलाबी.
युसूफभाई तळहातात काचेची लुगदी घेऊन
जातो, येतो, पुन्हा जातो.
मी फिरकी घेऊन रांगेत.

त्याचा साजिद बारावीला. फिजिक्समध्ये लटकलाय.
"खानविलकरकाका, तुम्ही तर युनिव्हर्सिटीत होता ना?"

होतो. एकतीस वर्षं. पण प्रोफेसर नव्हे रे,
लॅबच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या.
शिकवणारे शिकवून जायचे, फळा पुसायचो मी.
पुसण्याआधी वाचायचो,
एवढंच माझं शिक्षण.

हा दोरा बघ. समोरच्या गच्चीवरून
ही नुसती रेघ आहे. पुढे नाहीतर मागे,
तिसरी वाट नाही.
आता त्या मुंगीला विचार.
ती दोऱ्याला वळसा घालून खालून निघाली.
रेघेला जाडी होती,
आपण लांब होतो म्हणून ती दिसली नाही.

ते म्हणतात, जगालाही अशा वाटा आहेत.
लांबी, रुंदी, उंची आणि घड्याळ, हे चार आपल्याला ठाऊक.
आणखी सहा जागच्या जागी गुंडाळलेल्या,
सूरसागरच्या पाण्यात, तुझ्या नखात, या लुगदीत,
जिथे बोट ठेवशील तिथे.
तेवढी लहान मुंगी मात्र अजून जन्मली नाही.

आणि वस्तू कशाच्या?
आम्हाला शाळेत ठिपके शिकवले. इलेक्ट्रॉन म्हणजे ठिपका.
हे म्हणतात, ठिपका नाही, तार आहे.
केवढी?
एक अणू इतका फुगव, इतका फुगव
की त्यातली तार या मांज्याच्या जाडीएवढी व्हावी.
तोवर तो अणू
आख्ख्या आकाशगंगेहून मोठा झालेला असेल.

साजिदने दोऱ्याकडे पाहिलं, मग वर,
मग बापाकडे. बाप म्हणाला, हात चालव.

सोनोमीटर पाहिलायस?
लाकडी पेटी, वर एक तार,
टोकाला अर्ध्या अर्ध्या किलोची वजनं.
तारेवर कागदाची चिमुकली घडी, घोड्यावर बसवल्यासारखी.
काटा ठोकून पेटीवर टेकवायचा.
काही होत नाही. वजन वाढव. काही नाही.
पूल जरा सरकव,
आणि कागद टुणकन उडून खाली!
दर वर्षी नवी पोरं, दर वर्षी तोच कागद उडायचा
आणि दर वर्षी कुणीतरी ओरडायचं,
काऽऽप्यो, म्हणून.

तार तीच, थरथर वेगळी.
एका तऱ्हेने थरथरली तर इलेक्ट्रॉन,
दुसऱ्या तऱ्हेने उजेडाचा कण.
काहींची टोकं मोकळी, काहींची गाठ मारून कडी झालेली.
त्या कडीच्या एका थरथरीतून म्हणे
पतंग कटल्यावर खालीच का येतो, ते निघतं.
हे वाचलं त्या दिवशी
मी फळा पुसायला अर्धा तास उशीर केला.

"मग हे कुणी बघितलंय?"
नाही.
"प्रयोग?"
जमलेला नाही. गणित सुंदर आहे म्हणतात,
पण सुंदर गणितावर कागद उडत नाही.
भांडणारेही पुष्कळ आहेत. उद्या सगळं चूक निघेल,
तर माझ्यासारखा कुणीतरी पुसून टाकेल.

तो बराच वेळ गप्प. बोटांवर गुलाबी रंग,
बांबूपासून बांबूपर्यंत एक फेरी.
परत आला तेव्हा म्हणाला,
"काका, लॅबमध्ये वजनं तुम्ही टांगायचात.
तिथे ताण कोण देतं?"

हा प्रश्न फळ्यावर
एकतीस वर्षांत मी वाचला नव्हता.
मी विचारलं, हजार वारांचे किती?
युसूफभाईने भाव सांगितला. मी घासाघीस केली नाही.

दोरा फिरकीवर चढताना
अंगठ्याला बारीक चिरलं.
रक्ताची रेघ, उगीच एवढीशी.
जवळ नेऊन पाहिली,
तिलाही जाडी होती.