पुडी नंबर एकशे बारा

एल-मीनातलं माझं औषधांचं दुकान
चारनंतर अंधारातच असतं.
जनरेटरवाल्याचे पैसे थकलेत.
मग मी तराजू खिडकीशी ओढतो,
चूर्णं तोलायचा, पितळी, बापाच्या वेळचा,
आणि फिरंग्यांची चांदी तोलत बसतो.

दोन पूर्णांक आठ. दोन पूर्णांक सहा.
हे कातरलेलं, जेमतेम दोन.
नखं काढावीत तशी कुणीतरी कडेकडेनं चांदी काढून घेतली
आणि उरलेलं नाणं पुऱ्या किमतीला खपवलं.
इतक्या शतकांनी ती लबाडी
माझ्या पारड्यात अजून हलकी भरते.

प्रत्येकाची वेगळी पुडी, औषधाच्याच कागदाची.
वर तारीख, वजन, कुणाकडून.
सतरा नंबर खलदून पाणबुड्याकडून,
बंदरातल्या गाळाचा गोळा म्हणून आलेलं.
तीन महिने ऑलिव्हच्या तेलात मुरवलं, लोणच्यासारखं,
तेव्हा कुठे आठ टोकांचा तारा वर आला.
विदाद म्हणाली,
एवढं तेल कधी माझ्या कोशिंबिरीला मिळालं नाही.

एकेचाळीस ते त्रेपन्न, अंताकियाची.
शिरस्त्राण घातलेलं डोकं,
एका अंगाला चंद्रकोर, दुसऱ्या अंगाला चांदणी.
पहिल्यात चांदी आहे, शेवटच्यात नावाला.
लढाई परवडेनाशी झाली की
दुधात पाणी वाढावं तसं तांबं वाढत जातं.
हे मला कुणी शिकवायला नको.
बँकेत माझे तेवीस वर्षांचे डॉलर आहेत,
म्हणजे पासबुकात आहेत.

पण जीव आहे तो साठ नंबरच्या पुडीत.
अक्क्याच्या टांकसाळीतला दिरहम.
फिरंग्यांनी दमास्कसच्या नाण्याची नक्कल पाडली,
बाजार त्यालाच ओळखत होता म्हणून.
कोरणाऱ्याला अरबी येत नसावी.
त्यानं अक्षरांची चित्रं काढलीत.
एक नून उलटा. एका लामला भलताच पाय फुटलाय.
भिंगाखाली धरलं की त्याचं मनगट दिसतं मला,
दातांत धरलेली जीभ,
आणि परक्या देवाचं नाव
पुसू नये, चुकू नये, अशी ती धडपड.

मागच्या बुधवारी एक पोरगा आला,
बाब अल-तब्बानेहचा, मुंतसर नावाचा.
बोटांवर भाजल्याचे डाग.
आईसाठी इन्सुलिन हवं होतं.
पैशांऐवजी मुठीतलं नाणं काउंटरवर ठेवलं,
"आजोबांच्या शेतात सापडलं."

मी वाजवलं. बद्द.
कडेला साच्याची शिवण, वजन तीन पूर्णांक चार,
आणि जुनेपणाला बूटपॉलिशचा वास.
तोच दिरहम होता, साठ नंबरचा,
कुठल्याशा फोटोवरून उतरवलेला,
नूनसुद्धा इमानानं उलटा,
लाम मात्र पार मोडलेला.
मला कळलं. मला कळलं हे त्यालाही कळलं.
तो फरशीकडे बघत राहिला.
मी बर्फाच्या डब्यातून कुपी काढली,
सुया मोजून दिल्या,
जेवणाआधी, म्हटलं, जेवणानंतर नाही.

रात्री मेणबत्तीशी लिहिलं:
एकशे बारा. खोटं. किंमत एक कुपी.
आणि पुडी साठच्या शेजारी सरकवली.
विदादनं विचारलं, खऱ्यांत हे कशाला?
म्हटलं, जागा तिथेच होती.

आज पुन्हा बुधवार.
तो आला, या वेळी दोन घेऊन.
काही न बोलता त्यानं ती ठेवली
आणि भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघू लागला.
मी खिडकीशी नेली. भिंग लावलं.
शिवण घासून काढलेली.
वजन दोन पूर्णांक नऊ.
वाजवल्यावर आवाज अजून बसकाच,
नून उलटाच,
पण लाम सुधारलाय.